काळे दगड

“आई, यांनी भिंत नीट धुतली नाही का गं?” जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्श चर्चसमोर लेकीनं विचारलं.

डाग नव्हते ते. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात लागलेल्या आगीनं हे लुथरन पंथाचं चर्च कोसळलं. ढिगारा जवळजवळ पन्नास वर्षं तसाच पडून होता. २००५ मध्ये चर्च पुन्हा उभं राहिलं, तेव्हा त्यातलेच हजारो काळवंडलेले दगड नव्या पिवळसर दगडांमध्ये बसवलेले.

घुमटावरचा सोनेरी क्रूस इंग्लंडमध्ये घडवला. घडवणाऱ्या कारागिराचे वडील याच शहरावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानात होते. हे कळल्यावर मी किती तरी वेळ नुसती वर बघत राहिले. काय वाटलं असेल त्याला, तो क्रूस घासताना?

तेवढ्यात लेकीनं एका काळ्या दगडावर तळहात टेकवला.

“आई, हा गरम आहे.”

उन्हानं तापला होता. तरी मीही हात लावून बघितला.