बसल्या जागी बोललेलं वाक्य

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातली रात्र. साडेनऊ वाजून गेले होते. २८८ सदस्यांच्या सभागृहात मी मान वर करून पाहिलं तेव्हा अकरा-बारा जण बसले होते. गणपूर्तीला एक दशांश, म्हणजे २९ सदस्य लागतात. पण कुणी हरकत घेतली नाही तर कामकाज चालू राहतं, तसं ते चालू होतं. आसनावर तालिका अध्यक्ष, म्हणजे अध्यक्ष नसताना त्यांच्या जागी बसणारे सदस्य, समोर एक मंत्री, आणि अगदी मागच्या बाकाजवळ एका छोट्या पक्षाचे आमदार उभे. त्यांच्या हातात कागदांची चळत नव्हती. शाळेचा हजेरीपट होता.

मी विधानमंडळात प्रतिवेदक होते. सभागृहाच्या मध्यभागी, अध्यक्षांच्या आसनासमोर आमचं टेबल असतं. सदस्य बोलतात, आम्ही लघुलिपीत उतरवून घेतो, थोड्या वेळाने दुसरा सहकारी येऊन बसतो आणि पहिल्याने आत जाऊन आपल्या टर्नचा मजकूर तयार करायचा. दिवसभर हेच. टीव्हीवर दिसतात ती सकाळच्या गदारोळाची दृश्यं. बाकांवर पाण्याचे ग्लास तसेच राहिलेत आणि एकच माणूस बोलतोय, अशा रात्री कुणी दाखवत नाही. माझ्या नोकरीतला बराचसा मजकूर अशा रात्रींचा आहे, आणि त्यातलाच बराचसा मला अजून आठवतो.

त्या आमदारांना वेळ मिळायचा तो असाच. वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो. मोठ्या पक्षांचे नेते बोलून झाले, की उरलेली पाच-सहा मिनिटं यांची. त्यांनी त्याबद्दल तक्रार केलेली मी कधी ऐकली नाही. आम्हा प्रतिवेदकांना मात्र ते फार आवडायचे, कारण भाषण संपलं की ते टेबलाशी येऊन एक चिठ्ठी ठेवायचे. भाषणात आलेल्या सगळ्या वाड्यांची नावं तिच्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेली, अनुस्वारासकट. मला एकदा म्हणाले होते, “ताई, वाडीचं नाव चुकलं की पुढे सगळ्या कागदांत तेच चुकतं. मग अधिकारी म्हणतात, अशी वाडीच नाही.”

त्या रात्री नियम ९४ खाली अर्धा तास चर्चा होती. तारांकित प्रश्नाच्या उत्तराने सदस्याचं समाधान झालं नाही, तर तो ही चर्चा मागू शकतो. त्यांचा प्रश्न आमच्याकडच्या ठरलेल्या साच्यातला होता: अमुक वाडीतील विद्यार्थ्यांना पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत जावे लागते, हे खरे आहे काय, असल्यास, तेथे साकव बांधण्याबाबत कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? छापील उत्तर तीन ओळींचं. एक, हे खरे नाही. दोन, प्रश्न उद्भवत नाही. तीन, प्रश्न उद्भवत नाही.

ज्यांनी साकव पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. डोंगराळ भागात ओढ्यावर माणसांना पायी जाता येईल एवढा छोटा पूल बांधतात, तो साकव. त्यावरून मोटार जात नाही. पण पोर शाळेत जातं, बाळंतीण दवाखान्यात जाते.

त्यांनी हजेरीपट उघडला आणि वाचायला सुरुवात केली. वाडीतली चौदा मुलं. जून महिना, कोण किती दिवस हजर. मग जुलै. मग ऑगस्ट. आवाज चढवला नाही. एकेका मुलापुढे नुसता आकडा. ओढ्यावर गावकऱ्यांनी टाकलेले दोन ओंडके पावसात कसे बुळबुळीत होतात, मोठी मुलं धाकट्यांना कशी पाठीवर घेतात, आणि ओढ्याचं पात्र त्यांनी स्वतः दोरी धरून कसं मोजलं, ते सांगितलं. मग म्हणाले, “अध्यक्ष महोदय, उत्तरात म्हटलं आहे, हे खरं नाही. मग ही मुलं शाळेत का आली नाहीत, एवढं मंत्री महोदयांनी सांगावं.”

लिहिताना आम्ही अर्थाकडे लक्ष देत नाही, हात आपोआप चालतो. त्या रात्री माझं लक्ष गेलं.

मंत्र्यांनी उठून उत्तर दिलं: पाहणी केली जाईल, अंदाजपत्रक मागवलं जाईल. ते खाली बसत होते तेवढ्यात आमदारांनी विचारलं, “म्हणजे बांधणार का?” मंत्री बसल्या जागी काहीतरी बोलले. त्यांचा माइक बंद झाला होता. मला ऐकू आलं ते असं: “हो हो, बांधून देऊ.” मी लिहिलं. लगेच आमदार म्हणाले, “अध्यक्ष महोदय, मंत्री महोदयांनी साकव बांधून देण्याचं मान्य केलं, त्याबद्दल मी त्यांचे वाडीच्या वतीने आभार मानतो,” आणि बसले. पुढचा विषय पुकारला गेला. माझा टर्न संपला.

मजकूर तयार करताना आम्ही बोलीतली वाक्यं प्रमाण भाषेत आणतो, अर्धी सुटलेली पुरी करतो. पण क्रियापदाला हात लावायचा नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात माझ्या वरिष्ठ बाईंनी शिकवलं होतं. करू, करता येईल, करण्याचा विचार करू: या तिन्हींच्या मध्ये माणसांची वर्षं जातात. मी ‘बांधून देऊ’ लिहिलं आणि पान पुढे पाठवलं. वरती नेहमीप्रमाणे छापलेलं होतं: असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक फोन आला. कुठून, ते सांगत नाही. बोलणारे गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, “बाई, ते ‘बघून घेऊ’ असं होतं. तुम्हाला ऐकायला चुकलं असेल. दुरुस्त करून घ्या.”

मी हादरले. नोकरीला तीनच वर्षं झाली होती. बघून घेऊ, बांधून देऊ: बंद माइकवर, बसता बसता उच्चारलेल्या या दोन शब्दांत कानाची चूक होऊ शकते, हे मीही जाणून होते. मी ध्वनिमुद्रण काढून ऐकलं. त्या जागी नुसती खरखर आणि कुणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग वही काढली. लघुलिपीत ‘घ’ आणि ‘ध’च्या रेघा एकमेकींत मिसळत नाहीत, त्यांची दिशाच वेगळी असते. वहीत ‘ध’ होता. पण वहीत असतं ते मी ऐकलेलं. ऐकण्यातच चूक झाली असेल तर रेघ काय करणार?

वरिष्ठ बाईंकडे गेले. त्यांनी माझी वही बाजूला सारली आणि टाइप केलेलं पान मागितलं. मंत्र्यांच्या वाक्याखालच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे वाच. सदस्यांनी काय म्हटलंय? बांधून देण्याचं मान्य केलं. माइक चालू होता. हे मुद्रणात आहे ना? मंत्री समोर बसले होते. त्यांनी हरकत घेतली का?”

घेतली नव्हती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते आभार शिष्टाचाराचे नव्हते. बंद माइकवरचं वाक्य नोंदीत येईल की नाही, याची खात्री नसलेल्या माणसाने ते आपल्या चालू माइकवरून पुन्हा उच्चारून घेतलं होतं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि त्यातला बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसले. सत्ता नसताना सभागृहातून काम कसं काढायचं, याचं नाव निघालं की आमच्याकडे त्यांचंच उदाहरण दिलं जायचं. हे आमदार त्यांच्याइतके मोठे नव्हते. त्यांचं नाव वर्तमानपत्रांत क्वचितच यायचं. पण ही विद्या त्यांना आली होती.

सदस्याला किंवा मंत्र्याला आपल्या भाषणातली भाषेची चूक सुधारता येते, आशय बदलता येत नाही. बाईंनी तसं लेखी कळवलं. पुन्हा फोन आला नाही.

सभागृहात मंत्र्यांनी दिलेली आश्वासनं कामकाजातून वेचून काढली जातात आणि त्यांची पूर्तता व्हायला ९० दिवसांची मुदत असते. ती झाली नाही की विषय आश्वासन समितीपुढे येतो. पुढच्या वर्षी हा विषय आला. योगायोग म्हणा, साक्षीच्या दिवशी नोंद घ्यायला मीच होते, आणि ते आमदार समितीचे सदस्य होते. समितीचं कामकाज गोपनीय असतं. अहवाल पटलावर येईपर्यंत मी यातलं एक अक्षर घरीही बोलले नव्हते.

समितीची खोली लहान असते. तिथे माइकची गरज नसते, चहाचा कप ठेवलेलाही ऐकू येतो. विभागाचे सचिव तयारीने आले होते. निधीच्या उपलब्धतेनुसार काम प्रस्तावित करण्यात येईल, असं त्यांनी सांगितलं. आमदारांनी कामकाजाचं ते पान त्यांच्यापुढे सरकवलं. “साहेब, ‘बांधून देऊ’ आणि ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ यांतलं कोणतं सभागृहात बोललं गेलं, तेवढं सांगा.”

सचिवांनी चष्मा लावला आणि पान वाचलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, “पहिलं.”

मी ‘पहिलं’ लिहिलं. हात थरथरत होता, तरी रेघ सरळ आली.

साकव व्हायला आणखी एक पावसाळा गेला. तो झाल्याचं मला पूर्ततेच्या कागदावरून कळलं; तिथे जाऊन मी अजून पाहिलेला नाही. त्यानंतरच्या अधिवेशनात एका रात्री ते पुन्हा शेवटी बोलले, पुन्हा पाचच मिनिटं, या वेळी दुसऱ्या एका ओढ्याबद्दल. जाताना टेबलावर चिठ्ठी ठेवली. तीन नवी नावं होती. तिसऱ्या नावातला अनुस्वार त्यांनी पेनाने दोनदा गिरवला होता.