दुसरा जिना

मी गेली सव्वीस वर्षे नाशिकमध्ये वास्तुविशारद म्हणून काम करतो. लोकांना वाटते की आमचा दिवस नवे नकाशे काढण्यात जातो. प्रत्यक्षात निम्मा दिवस इतरांनी काढलेले जुने नकाशे वाचण्यात जातो. कधी बँकेसाठी, कधी घर विकत घेणाऱ्यासाठी, कधी भावाभावांच्या वाटणीसाठी ते वाचावे लागतात. शेजाऱ्याच्या तक्रारीसाठी वाचायचे काम मी शक्यतो घेत नाही, कारण तक्रार करणाऱ्याच्या मनात निकाल आधीच लागलेला असतो आणि त्याला माझी फक्त सही हवी असते. मागच्या पावसाळ्यात मी असे एक काम घेतले. ते संपून काही महिने झाले, तरी मनातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या एका जुन्या बंगल्यांच्या कॉलनीत राहणाऱ्या, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या काकू माझ्याकडे आल्या. त्यांच्या बंगल्याच्या पश्चिमेला एक शाळा आहे. तळमजला आणि वर तीन मजले, मुले सातशेच्या आसपास. सकाळी आणि दुपारी व्हॅन व रिक्षांनी फाटक अडते, मधल्या सुट्टीत चेंडू अंगणात येतात, आणि शाळेची पूर्वेची भिंत उभी राहिल्यापासून त्यांच्या तुळशीला दुपारनंतर ऊन मिळत नाही. हे सारे त्यांनी मला पाच मिनिटांत, आवाज न चढवता सांगितले. मग पिशवीतून फाइल काढली. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून केलेला अर्ज, तिसाव्या दिवशी आलेले उत्तर, बांधकाम परवानगी, पूर्णत्वाचा दाखला आणि मंजूर नकाशाची छायाप्रत, सगळे तारखेच्या क्रमाने लावून दोरीने बांधलेले होते. इतकी नीट फाइल माझ्या कार्यालयातसुद्धा निघत नाही.

“शाळेने मंजुरीच्या दुप्पट बांधकाम केले आहे,” काकू म्हणाल्या. “मी स्वतः मोजले आहे. नकाशावर 1:100 लिहिले आहे. पट्टीने मोजले तर इमारतीची लांबी अठरा सेंटिमीटर भरते, म्हणजे अठरा मीटर. प्रत्यक्षात ती छत्तीस मीटर आहे. तुम्ही एवढे लिहून द्या.”

त्यांचे गणित चुकले नव्हते, कागदाने दगा दिला होता. मंजूर नकाशा मोठ्या कागदावर असतो आणि छायाप्रत देताना तो यंत्रात मावेल एवढा लहान केला जातो. ए-वन आकाराचा कागद ए-थ्रीवर आणला की प्रत्येक रेघ निम्मी होते, पण कोपऱ्यातली 1:100 ही अक्षरे तशीच राहतात. लिहिलेली मापे वाचून घ्यावीत, तर ती छायाप्रतीत पुसट होतात आणि सहाचा आठ दिसतो. नकाशाची रंगभाषाही काळ्या-पांढऱ्या प्रतीत मरते. मूळ नकाशात प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचे बांधकाम पिवळ्या तिरक्या रेघांचे आणि सांडपाण्याची वाहिनी लाल ठिपक्यांची असते; छायाप्रतीत हे सारे एकाच करड्या रंगाचे होऊन जाते. लहान केलेल्या प्रतीवर ‘हा नकाशा मोजमापासाठी वापरू नये’ असा एक शिक्का मारला, तर शहरातली कितीतरी भांडणे सुरूच होणार नाहीत.

अशा वेळी मी जिना शोधतो. खोल्या लहानमोठ्या असतात, भिंतींच्या जाड्या बदलतात, पण शाळेच्या जिन्याची पायरी सहसा तीस सेंटिमीटरची असते. दहा पायऱ्या म्हणजे तीन मीटर, म्हणजेच 1:100 च्या नकाशावर तीन सेंटिमीटर. काकूंच्या प्रतीवर दहा पायऱ्या दीड सेंटिमीटरच्या भरल्या. एका मोजणीवर विसंबू नये म्हणून मी इमारतीच्या पूर्वेच्या टोकाच्या जिन्यावरही पट्टी ठेवली. तिथेही दीडच भरले. कागद निम्मा झाला होता आणि छत्तीस मीटरची इमारत छत्तीस मीटरलाच मंजूर होती.

मी हे समजावून सांगत असताना काकू माझ्या बोटाकडे पाहत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, “इथे जिना नाही हो. हे टोक माझ्या गच्चीच्या समोरच येते. तिथे खिडकीत कागदांचे गठ्ठे असतात, काचेला टेकलेले.”

मी पट्टी खाली ठेवली.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या गच्चीवर गेलो. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध, दोन्ही स्लॅबच्या मध्ये येणारी खिडकी होती. अशा जागी खिडकी फक्त जिन्याच्या चौथऱ्यालाच, म्हणजे जिना वळतो त्या सपाट जागेलाच असते. तिच्या आत तळापासून वरपर्यंत सुतळीने बांधलेले गठ्ठे रचलेले होते. काकू ते कित्येक वर्षे पाहत होत्या आणि त्यांना ती अडगळीची खोली वाटत होती. त्यांच्या तक्रारीच्या नऊ मुद्द्यांत त्या खिडकीचा उल्लेखही नव्हता.

शाळेत पाहणीची परवानगी सहज मिळाली. संस्थेचे कार्यवाह स्वतः फिरायला सोबत होते, कारण त्यांच्याकडे पूर्णत्वाचा दाखला होता. नाशिकमध्ये भिंतीतल्या कपाटांचे क्षेत्र बांधकामात धरायचे की नाही या वादावरून इमारतींचे दाखले वर्षानुवर्षे अडलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो दाखला म्हणजे कवचच वाटते. दाखला खरा होता. परवानगी डिसेंबर 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीच्या कितीतरी आधीची असल्यामुळे मी नव्या नियमांच्या पट्टीने काहीही मोजणार नव्हतो. इमारत ज्या नकाशावर मंजूर झाली त्याच नकाशाशी ती जुळते की नाही, एवढेच मला पाहायचे होते. मजले जुळले. उंची जुळली. ज्या भिंतीने तुळशीचे ऊन अडवले ती भिंत नकाशात जिथे दाखवली होती तिथेच होती. सरकारी मोजणीच्या ‘क’ प्रतीवरून, म्हणजे जागेच्या हद्दीच्या नकाशावरून, हद्द तपासली, तर कुंपणाची भिंत शाळेच्याच जागेत अर्धा वीत आत निघाली.

जुळले नाही ते दोन ठिकाणी. पूर्वेचे सहा मीटरचे सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यामध्ये सोडायची जागा, नकाशात मोकळे होते आणि प्रत्यक्षात तिथे पत्र्याची शेड होती. लेझर मीटरवर शेडचा खांब ते कुंपण हे अंतर दोन मीटर वीस सेंटिमीटर आले. अग्निशमनाची गाडी तिथून जाऊ शकत नाही. आणि दुसरा जिना. तळमजल्यावर त्याच्या तोंडाला लोखंडी शटर होते, वरच्या प्रत्येक मजल्यावर जाळीचे दार आणि कुलूप. शटर उघडल्यावर आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मोडकी बाके, खेळाच्या गाद्या आणि गणेशोत्सवाच्या सजावटीचे सामान पहिल्या चौथऱ्यापर्यंत रचलेले दिसले. पायऱ्या कोऱ्या होत्या, कडेच्या खाचासुद्धा झिजलेल्या नव्हत्या. जिना नकाशाप्रमाणे पूर्ण दीड मीटर रुंद बांधला होता. ज्या गवंड्याने तो केला त्याने चोख केला होता.

“जिना आहेच की,” कार्यवाह म्हणाले. “फक्त कुलूप आहे. मुले उगाच तिकडे जाऊन दंगा करतात.” मग त्यांनी अग्निसुरक्षेचे जुलैचे प्रमाणपत्र दाखवले. राज्याच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे ते दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. आग विझवायचे सिलिंडर सगळे मुदतीतले होते. या माणसाच्या मनात वाईट काही नव्हते. पण कागद पूर्ण असला की जागा पाहायचीच नाही, ही सवय आमच्या व्यवसायातही तितकीच मुरली आहे. दाखला मिळाला की वास्तुविशारद त्या इमारतीत पुन्हा पाऊल ठेवत नाही. मीही माझ्या किती इमारतींत ठेवले आहे?

नियमाने माझे काम इथे संपत होते. पाहणीचा अहवाल काकूंना द्यायचा, त्यावर त्यांनी नगररचना विभागाकडे अर्ज करायचा, पुढे 1966 च्या नगररचना अधिनियमातील कलम 53 ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम हटवण्याची, नोटीस निघते का ते पाहायचे. या सगळ्याला महिने लागतात. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून लागलेल्या आगीत नव्वदहून अधिक मुले गेली. त्यानंतर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळांच्या इमारतींच्या सुरक्षेबद्दल आदेश दिले. तो निकाल मी वाचला आहे. शटरपाशी उभा असताना मला तोच आठवत होता आणि वरच्या वर्गात पाढे चालू होते.

मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेलो, छायाप्रत त्यांच्या टेबलावर पसरली आणि दोन्ही जिने दाखवले. त्यांनी बराच वेळ नकाशा पाहिला. त्या शाळेत रुजू होण्याच्या आधीपासून तिथे शटर होते आणि त्यामागे जिना आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. “आज शनिवार आहे,” त्या म्हणाल्या, “सोमवारपर्यंत रिकामा करून घेते.” त्यांनी तो शब्द पाळला.

बुधवारी मी काकूंना अहवाल दिला. ऊन, उंची, लांबी या सगळ्यावर ‘मंजुरीप्रमाणे’ असे वाचत त्या शेवटच्या पानावर आल्या. शेड आणि जिना हे दोनच मुद्दे त्यांच्या बाजूने होते, आणि जिन्यापुढे मी ‘शनिवारी निदर्शनास आणले, सोमवारी रिकामा केला’ असे लिहिले होते.

“म्हणजे माझ्याआधी तुम्ही त्यांना सांगितलेत,” काकू म्हणाल्या.

मी मुलांचे कारण सांगितले.

“मुलांचे मला कळते. मी शाळेला जाळायला निघाले नव्हते. पण इतकी वर्षे मी काही बोलले की ते लोक हसत होते. हा एक मुद्दा असा होता की ते हसू शकले नसते. मला त्याच दिवशी फोन केला असतात, तर मी स्वतः तुमच्याबरोबर आले असते.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. फोन माझ्या खिशात होता. त्यांचा बंगला कुंपणापलीकडे होता. त्यांना बोलावून घ्यायला पाच मिनिटे लागली असती आणि त्या पाच मिनिटांत कोणतीही आग लागणार नव्हती. जिना मी शोधला असे मी अहवालात लिहिले होते. ‘तिथे जिना नाही’ हे वाक्य त्यांचे होते आणि ते अहवालात कुठेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी ते पान बदलून, त्यांच्या सांगण्यावरून हा दोष लक्षात आला असे लिहून पाठवले. त्यांनी पोच दिली आणि ठरलेली फी पाकिटात घालून पाठवली, पावतीच्या मागणीसह.

शेडबद्दलचा त्यांचा अर्ज दाखल झाला आहे. पुढचे अजून काही ठरलेले नाही. मुख्याध्यापिकांना मी एकदा फोन केला होता. शटर काढले, सामान हलवले, पहिल्या मजल्याचे कुलूपही काढले, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या जाळ्यांबद्दल कार्यवाहांशी बोलणे चालू होते. त्या मजल्यांच्या मधली चौथऱ्याची खिडकी रस्त्यावरून दिसत नाही. ती फक्त काकूंच्या गच्चीवरून दिसते, आणि तिथे जायचे तर मला आधी त्यांच्या दाराची घंटी वाजवावी लागेल.