मतलबी की अप्पलपोटा?

"मॅडम, मतलबी आणि अप्पलपोटा एकच ना?" मी शाळेतून निवृत्त झाले, हा प्रश्न काही होत नाही. परवा बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात, भाजी घेताना एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईनं पुन्हा गाठलं. रोख कोणावर होता ते मी विचारलं नाही. पण आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते.

एक नाहीत. अप्पलपोट्याला स्वतःच्या पोटापलीकडचं दिसतच नाही. पंगतीत शेजारच्याला वरण मिळालं नाही, हे त्याच्या गावीही नसतं. पोह्यांवरची सगळी तर्री आपल्या प्लेटीत ओतून घेईल, पण तुमच्याशी गोड बोलायला येणार नाही; त्याचं तुमच्यावाचून अडत नाही. मतलबी माणसाला मात्र तुम्ही लागता. तो गुडघ्यांची चौकशी करतो, नातू कितवीत गेला ते लक्षात ठेवतो आणि मग हळूच कामाचं काढतो. कामापुरता मामा म्हणतात तो हाच.

अरबीतला 'मतलब' म्हणजे जे हवं आहे, मागायचं आहे ते. त्यात वाईट काहीच नाही. आमच्या नागपुरात तर तो अगदीच गरीब शब्द. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दुभाषी राज्याची राजधानी होतं, त्यामुळे इथे 'म्हणजे'च्या जागी सर्रास 'मतलब' येतो. "मतलब मी येऊनच राहिलो होतो ना काकू!"

आणि एक गंमत. अप्पलपोटा बाईपुढे अप्पलपोटी होतो, चारचौघांत अप्पलपोटे. मतलबी मात्र बाप्या असो, बाई असो, मतलबीच. व्याकरणालाही दाद देत नाही.

१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं, बहुधा डिसेंबरात. आमचा एक लांबचा भाचा त्यासाठी मुंबईहून येतो. वर्षभर चिडीचूप, आणि नोव्हेंबरात फोन: "मामी, गुडघे काय म्हणतात?" हॉटेलं भरलेली असतात म्हणे. आठवडाभर राहतो, जाताना संत्राबर्फी मीच बांधून देते.

आमचे हे त्याला तोंडावर मतलबी म्हणतात. माझ्याच्यानं म्हणवत नाही. ह्यांनी तरी माझ्या गुडघ्यांचं कधी विचारलंय?

दिवाळी आटोपली की मी वरच्या खोलीतली गादी उन्हात घालते.