फेऱ्यांवर नाव कुठे लिहिणार?

"स्टॉपवर नाव लिहिता येतं हो. फेऱ्यांवर कुठे लिहिणार?"

परळला बसची वाट बघताना शेजारचे काका सहज बोलून गेले. एकेकाळचे नगरसेवक, बेस्ट समितीवरही होते. मुठीत तिकिटाचे सुटे दहा रुपये.

मी विचारलं होतं, तुमचं लक्षात राहिलेलं काम कोणतं? वाटलं, एखादं उद्यान सांगतील. म्हणाले, "हॉस्पिटलातल्या सकाळपाळीच्या बायकांसाठी पहाटेची एक फेरी वाढवून घेतली. दोन वर्षं भांडलो." पुढच्या निवडणुकीत पडले. शेड बांधणारा निवडून आला! (हे सांगताना हसले मात्र मनापासून.)

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. बेस्ट पालिकेकडे आली ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले. मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, तेव्हा समितीत हुज्जत घालायला एकही नगरसेवक नव्हता.

आमच्या स्टॉपच्या शेडवर तीन नावं आहेत, ठळक अक्षरांत. पहाटेची पहिली बस किती वाजता, ते कुठेच नाही. तुमच्याकडे आहे?