दीडचा घोडा आणि माझी अक्कल

रेसकोर्सवरचा बुकी कधी बुडत नाही असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी एक दिवस माझ्या स्टुलावर उभं राहून बघावं. परवाचा दिवस तर खासच होता, म्हणून म्हटलं लिहून टाकू, नाहीतर चार दिवसांनी मीच स्वतःला सांगेन की नशीब खराब होतं. नशीब वगैरे काही नाही, माती मीच खाल्ली.

आधी थोडक्यात सेटअप सांगतो. लोक यायच्या दोन तास आधी आम्ही कोर्सवर पोचतो. स्टँड, भावाचा एलईडी बोर्ड, छत्री, बॅटरी, लॅपटॉप, तिकिटाचा प्रिंटर आणि बॅग. तिघं असतो आम्ही. मी स्टुलावर उभा राहून भाव ओरडतो आणि पैसे घेतो, मागे आमचे काका (सख्खे नाहीत, पण २५ वर्षं रिंगमध्ये, म्हणजे सगळे बुकी उभे असतात तिथे, काढलीत, त्यांना सगळेच काका म्हणतात) कुठल्या घोड्यावर किती चढले ते लॅपटॉपवर बघत बसतात, आणि एक पोरगा बाकीचे बुकी काय भाव देतायत ते बघत फिरतो. काकांच्या उमेदीत लॅपटॉप नव्हता, मोठ्या वहीत पेनाने लिहायचे. ब्रिटनमधल्या कोर्सवर तर पांढरे हातमोजे घालून हातवारे करत रिंगच्या एका टोकाचा भाव दुसऱ्या टोकाला पोचवणारी माणसं असायची, टिकटॅकवाले. मोबाइल आले आणि ते गेले.

लोकांना वाटतं बुकीला घोड्यातलं फार कळतं. खरं सांगू का, कळलं नाही तरी चालतं, हिशोब मात्र आला पाहिजे. चौथ्या रेसचंच उदाहरण देतो. सहा घोडे, भाव असे: दीड, तीन, चार, सहा, दहा, वीस. म्हणजे दीडच्या घोड्यावर १०० लावले आणि तो आला तर १५० नफा आणि स्वतःचे १०० परत. आता प्रत्येक भावाचा टक्का काढा, म्हणजे १०० ला भाव अधिक एकने भागा. दीड म्हणजे ४०, तीन म्हणजे २५, चार म्हणजे २०, सहा म्हणजे १४ च्या वर, दहा म्हणजे ९, वीस म्हणजे पावणेपाचच्या आसपास. बेरीज येते ११३. खरी शक्यता १०० च असते, वरचे १३ आमचे. या टक्क्यांच्याच प्रमाणात पैसे आले तर कुठलाही घोडा येऊ दे, ११३ घेतले आणि १०० वाटले. हा झाला धंदा. पण पब्लिक काही प्रमाण बघून पैसे लावत नाही, सगळे एकाच घोड्यावर तुटून पडतात. मग त्याचा भाव कमी करायचा, दुसऱ्यांचा वाढवायचा, आणि तरीही बोजा राहिला तर शेजारच्या बुकीकडे नाहीतर ऑनलाइन बेटिंग एक्स्चेंजवर तोच घोडा आपण लावून टाकायचा. याला कटिंग म्हणतात. कटिंगमध्ये थोडा नफा जातो पण रात्री झोप लागते.

(भाव तोंडी करायला मराठी माणसाइतका फायदा कुणालाच नाही असं माझं मत आहे. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, सगळे शब्द तयार. काकांना सवायकी, दिडकी अजून पाठ आहेत, मी फोनवर कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत त्यांचं उत्तर आलेलं असतं. फक्त १३/८ (आठाला तेरा) असा भाव आला की दोघंही गप्प.)

पहिल्या तीन रेस छान गेल्या, २१०० सुटले. दोन फेव्हरिट (सगळ्यात कमी भावाचे घोडे) पडले, एक आला. साधारण तीनातला एक फेव्हरिट येतो, म्हणजे अगदी पुस्तकी दिवस चालला होता.

मग चौथी. रेसच्या आधी मी पॅडॉकपर्यंत, म्हणजे घोडे फिरवून दाखवतात तिथवर, चक्कर मारून आलो, जे मी खरंतर करायला नको होतं. फेव्हरिट बघितला तर घामाने डबडबलेला, मागच्या पायांच्या मध्ये पांढरा फेस, मान सारखी झटकतोय, त्याला धरणाऱ्या माणसाला आवरत नाहीये. मला वाटलं संपलं, हा सगळी ताकद इथेच घालवून बसला. परत आलो आणि सगळी रिंग दीड देत होती तिथे मी पावणेदोन लावले. काकांनी मागून विचारलं, का रे? म्हटलं काका, बघितला मी, आज येत नाही तो. काका काही बोलले नाहीत.

पावणेदोन म्हणजे ३६ टक्के, माझा ११३ चा हिशोब तिथेच १०९ वर आला. आणि रिंगमध्ये दुसरं कोणी देत नाही तो भाव तुम्ही देताय म्हटल्यावर काय होणार, समोर रांग. आमचा खरा धंदा शेवटच्या पाच-सात मिनिटांत होतो, त्याआधी लोक नुसते बोर्ड वाचत हिंडतात, आणि त्या पाच मिनिटांत मी पैसे घेतोय, ओरडतोय, तिकीट देतोय, आणि प्रत्येक तिकीट त्याच घोड्याचं. काका म्हणाले भाव उतरव. मग म्हणाले कटिंग कर. मग नुसतंच माझं नाव घेतलं, जरा मोठ्याने. मी म्हटलं थांबा हो, येत नाही तो. तेवढ्यात गेट उघडलं.

अर्ध्या लेंथने (अर्ध्या घोड्याच्या लांबीने) आला. शेवटच्या फर्लांगापर्यंत तिसरा होता, मी मनात हिशोब पण करून टाकला होता.

त्याच्यावर घेतले होते ४०००, द्यायचे ११०००, आणि सगळ्या रेसचे मिळून आले होते ६५००. करा वजाबाकी. तिकिटं घेऊन उभी असलेली सगळी माणसं इतकी खूश होती की दोघांनी तर मला थँक्यू म्हटलं.

पैसे वाटून झाल्यावर काकांनी फक्त ब्रिटनमधल्या अॅस्कॉट रेसकोर्सची गोष्ट काढली. २८ सप्टेंबर १९९६, फ्रँकी डेट्टोरी हा जॉकी एका दिवशी सातच्या सात रेस जिंकला, सगळ्यांचा मिळून भाव २५,०५१ ला एक. सातव्या रेसमधला त्याचा घोडा फुजियामा क्रेस्ट याचा भाव सकाळी बारा होता आणि रेस सुटताना दोनवर आला. घोडा काही दुपारभरात सुधारला नव्हता. गावोगावच्या बेटिंग शॉपमध्ये लोकांनी डेट्टोरीचे सगळे घोडे साखळीने (एकावर जिंकलेले पैसे पुढच्यावर) लावले होते, आणि ती बेट कोर्सवरच्या शेवटच्या भावाने चुकती होते, म्हणून मोठ्या कंपन्या तो भाव पाडायला कोर्सवर पैसे ओतत होत्या. कोर्सवरचे बुकी म्हणाले, बाराचा घोडा दोनला? हे तर फुकटचे पैसे! आणि त्या घोड्यावरचे पैसे घेत सुटले. त्यांचं गणित माझ्यापेक्षा शंभर पट बरोबर होतं. घोडा मानेच्या फरकाने आला आणि काही जण साफ झाले.

काकांनी इतकंच सांगितलं आणि पुढच्या रेसचे भाव टाकायला लागले. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाचवीत वीसचा घोडा आला. असा घोडा आला की रिंगमध्ये एक विचित्र शांतता होते, सगळे बुकी एकदम सभ्य दिसायला लागतात. २८०० आले होते आणि आमच्याकडे त्याचं एकच तिकीट, १० चं, एका आजीबाईंनी घोड्याचं नाव आवडलं म्हणून घेतलेलं. २१० मोजून दिले, मनापासून.

सहावीत फोटो फिनिश, आणि फोटोत पण डेड हीट, म्हणजे दोन घोडे अगदी बरोबर. मग ठरलेलं भांडण. एकाने चारच्या भावाने १०० लावले होते आणि त्याला ५०० पाहिजे होते. डेड हीटमध्ये अर्धेच पैसे जिंकलेले धरतात, ५० चे २०० आणि ते ५० परत, एकूण २५०. त्याला ते तीनदा समजावलं, चौथ्यांदा काकांनी समजावलं, तो शेवटी पैसे घेऊन गेला पण आम्ही चोर आहोत असं जाता जाता दोन शेजाऱ्यांना सांगून गेला. त्या रेसमध्ये आम्हाला ६० सुटले.

दिवसाचा हिशोब: अधिक २५०. त्यात जागेची फी आणि पोऱ्याचा पगार जायचा, म्हणजे खिशातूनच घालावे लागणार. पण बॅग मोजली तर २७५ जास्त. परत मोजली, तरी जास्तच. काका लॅपटॉप बघून म्हणाले, चौथ्या रेसचं १०० चं एक तिकीट राहिलंय, कोणीतरी न्यायचंय अजून.

बोर्ड उतरवला, छत्री मिटली, स्टूल गाडीत टाकलं, तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आला, हातात तिकीट. बार बंद होईपर्यंत तिथेच बसला होता म्हणे. मी बॅग उघडून पैसे मोजायला लागलो तर तो स्वतःहूनच सांगायला लागला, "पॅडॉकमध्ये बघितला ना मी त्याला, काय घामाघूम झालेला, तेव्हाच म्हटलं, आज हा तापलाय, आज हा सोडत नाही."

काका पाठ करून प्रिंटरची वायर गुंडाळत होते, फक्त त्यांचे खांदे हलत होते.