अझोर्सच्या गुहा आणि दोरीने आत उतरलेली माणसं

इंदूरला गुहा म्हटलं की आपल्याला बाघची लेणी आठवतात, माणसाने कोरलेली. इथे अझोर्सला, पोर्तुगालच्या या नऊ बेटांवर, गुहा लाव्हाने केल्यात. मावशीने व्हॉट्सअपवर विचारलं की तिकडे बघण्यासारखं काय आहे गं, तर मी तिला गुहांचंच सांगत बसले आणि तरी बरंच राहिलं, म्हणून सगळ्यांसाठी इथे लिहिते.

आम्ही राहतो ते बेट तेरसेइरा. बेटाच्या मध्यभागी अल्गार दो कारव्हाव आहे, म्हणायला गुहा पण खरं तर ज्वालामुखीची रिकामी नळी. दोनेक हजार वर्षांपूर्वी उद्रेक झाला, नंतर लाव्हा ज्या वाटेने वर आला त्याच वाटेने खाली ओसरला आणि मधली जागा पोकळ राहिली. वर तोंडाशी नुसतं हिरवंगार शेवाळं आणि फर्न, खाली जवळपास 90 मीटर खोल, तळाशी पावसाच्या पाण्याचं तळं. आणि छताला पांढरे लोलक लटकतात ते चुनखडीचे नाहीत, सिलिकाचे आहेत, पाणी खडकातून झिरपताना सोबत घेऊन येतं.

तर या भोकात 26 जानेवारी 1893 ला (तारीख आपल्याला विसरणं शक्यच नाही) कांदिदो कोर्व्हेलो आणि लुइस सेकेइरा हे दोघं साध्या दोरीवरून उतरले. खाली काय आहे, तळ आहे की नाही, काही माहिती नसताना! त्यानंतर थेट 1934 मध्ये दिदिए कोउतो उतरला आणि त्याने आतलं पहिलं रेखाटन केलं. मधली चाळीस वर्षं ती जागा तशीच अंधारात.

ग्रासिओझा बेटावर फुर्ना दो एन्शोफ्र नावाची प्रचंड घुमटासारखी गुहा आहे, तिथे 1879 ला मोनॅकोचा प्रिन्स अल्बर्ट, समुद्राच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेला तोच, दोरीच्या शिडीने उतरला होता. आता तिथे 183 पायऱ्यांचा गोल जिना आहे. प्रिन्सची गोष्ट छानच आहे पण मला विचाराल तर खरं काम केलं ते 1963 मध्ये आमच्या आंग्रा गावात सुरू झालेल्या 'ओस मोंतान्येइरोस' या संस्थेने. गावातलीच हौशी माणसं एकत्र आली, गुहा शोधल्या, मोजल्या, नकाशे काढले, आणि नुसतं स्वतः बघून थांबले नाहीत, अल्गारला बाजूने बोगदा खोदला म्हणजे म्हातारी माणसं, पोरंसोरं सगळ्यांनाच चालत आत जाता यावं. 1968 ला ती सगळ्यांसाठी उघडली. पुढच्या वर्षी ग्रुता दो नाताल उघडली आणि त्याच नाताळात त्या गुहेत मिस्सा, म्हणजे चर्चमध्ये होते ती सामूहिक प्रार्थना, झाली! आंग्रात त्यांचं छोटं म्युझियम पण आहे, मला तिथे जाऊन बसायला फार आवडतं.

आणि हे काम संपलेलं नाही बरं का. पिको बेटावरची ग्रुता दास तोरेश तर 1990 ला सापडली, पाच किलोमीटरपेक्षा लांब, पोर्तुगालमधली सगळ्यात लांब लाव्हाची गुहा. वाहत्या लाव्हाचा वरचा थर गार होऊन घट्ट होतो, आतला मात्र वाहतच राहतो आणि शेवटी निघून जातो, मग बोगदा उरतो. आत लाइट लावलेले नाहीत, हेल्मेट आणि टॉर्च देतात.

आपल्या इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याचा काळा खडक पण लाव्हाचाच, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला त्यापुढे अगदी कालचा. पण हात लावला की तोच खरखरीत स्पर्श, मला तर तिथे माळवाच आठवतो.

मावशी, तुझ्या गुडघ्यांना अल्गारच्या पायऱ्या जड जातील, तुला आधी ग्रुता दो नातालला नेईन, तिथे बरंचसं सपाट आहे. रेनकोट मात्र आण, इथे पाऊस कधीही येतो.