झोटेरोवर विसंबा, पण नोंद तपासून

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर संदर्भसूची आपोआप बनवतं, पण त्यातली नोंदच चुकीची असेल तर सूची कुठून बरोबर येणार? जास्त घोळ शीर्षकात. एपीए या संदर्भशैलीच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) 7व्या आवृत्तीत लेखाच्या शीर्षकाचं पहिलं अक्षर, कोलननंतरचं पहिलं अक्षर आणि विशेषनामं एवढीच कॅपिटल. नोंदीतही तसंच ठेवा; कॅपिटल वाढवणं सॉफ्टवेअरला जमतं, कमी करताना विशेषनामं त्याला कळत नाहीत.

लेखक 20पर्यंत असतील तर सगळे. 21 झाले की पहिले 19, तीन टिंबं, मग शेवटचा. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, पूर्ण लिंकच्या रूपात, पुढे पूर्णविराम नको. प्रकाशकाचं गाव काढून टाका, जुन्या प्रबंधातल्या नोंदींत ते हमखास उरतं.

‘अनलिंक सायटेशन्स’ (फाइलमधल्या संदर्भांचा झोटेरोशी दुवा तोडणारं बटण) अगदी शेवटी, तेही फाइलच्या प्रतीवर. नाहीतर रिव्ह्यूअरने सुचवलेला एक संदर्भ घालायलाही सगळं हाताने करावं लागतं.